ख्रिस्ती शाळेत समाजसेवेतून नेतृत्व: मराठवाड्यातल्या शिक्षकांसाठी वर्षभराची आखणी

नाताळच्या आधीच्या आठवड्यात बऱ्याच मिशन शाळांमध्ये एक ठरलेला कार्यक्रम असतो. वर्गावर्गातून तांदूळ, साबण, ब्लँकेटं गोळा होतात. टेम्पो ठरतो, शिक्षक पुढे बसतात, पंधरावीस मुलं मागे, आणि एखाद्या वस्तीवर नाहीतर वृद्धाश्रमात वाटप होतं. फोटो निघतात, पेपरात दोन कॉलमची बातमी येते. यात वाईट काही नाही. ज्याला ब्लँकेट मिळालं त्याची थंडी गेलीच. पण या सगळ्यात मुलांनी ठरवलं काय? वस्ती सरांनी निवडली, सामान बाईंनी मोजलं, टेम्पोवाल्याशी शिपाईमामा बोलले, भाषण मुख्याध्यापकांनी ठोकलं. मुलांच्या वाट्याला आलं ते फक्त ओझं.

पुढची सगळी आखणी एवढ्यासाठीच आहे. सेवेच्या कामातले खरे निर्णय, म्हणजे कुठे जायचं, कशासाठी जायचं, पैसे किती लागतील, बोलणी कोण करणार, हे मुलांकडे कसे द्यायचे आणि एकदा दिल्यावर शिक्षकानं हात मागे कसा ठेवायचा. दुसरा भाग जास्त अवघड आहे.

सुरू करण्याआधी शाळेनं स्वतःशी ठरवायचं

मराठवाड्यातल्या ख्रिस्ती शाळांना या कामाचा वारसा आहे. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती धर्मोपदेशक नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल ही वस्ती वसवली. जालन्याचं मिशन हॉस्पिटल आजही लोकांच्या बोलण्यात आहे. पुढे १९७० मध्ये अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) स्थापन झालं आणि १९७७ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादला स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत मिळाला. आज शाळा कोणत्या छत्राखाली आहे त्यावर परवानगी कोणाकडून घ्यायची ते ठरतं. कॅथलिक शाळेत मॅनेजर फादर किंवा प्राचार्या सिस्टर, सीएनआयच्या शाळेत संस्थेची समिती. त्यांना जूनमध्येच वर्षभराचा कागद दाखवून ठेवा, म्हणजे ऐन नोव्हेंबरात 'हे कोणाला विचारून केलं?' हा प्रश्न येत नाही.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. आपल्या शाळांत शिकणारी बहुसंख्य मुलं हिंदू, बौद्ध, मुस्लिम घरांतली आहेत आणि ज्या वस्तीवर आपण जाणार तिथलेही लोक बहुतेक तसेच. राज्यघटनेच्या कलम ३० नं अल्पसंख्याकांना शाळा काढण्याचा व चालवण्याचा हक्क दिला आहे. त्याचबरोबर कलम २८ सांगतं की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणालाही त्याच्या, आणि मूल अल्पवयीन असेल तर पालकाच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. तेव्हा सेवेच्या फेरीत पत्रकं नाहीत, गाणी नाहीत, आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना नाही. हे पालकांना आणि ग्रामपंचायतीला लेखी कळवा. नुसतं तोंडी सांगून भागत नाही, कारण हल्लीच्या दिवसांत संशयाला पाय लवकर फुटतात आणि त्याचा त्रास शेवटी मुलांना होतो.

यामुळे शाळेचं ख्रिस्तीपण हरवतं असं काहींना वाटतं. मला उलट वाटतं. योहानाच्या शुभवर्तमानात तेराव्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो, तेव्हा त्या पंगतीत पुढे त्याचा विश्वासघात करणारा यहूदा इस्कार्योतही बसलेला आहे आणि त्याचेही पाय धुतले जातात. मोबदल्याची अट न घालता सेवा करायची याचं याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही. मूल्यशिक्षणाच्या तासाला ही गोष्ट सगळ्याच मुलांना सांगता येते. पैठणच्या एकनाथांनी तहानलेल्या गाढवाला कावडीतलं गंगाजल पाजल्याची गोष्ट तिच्याशेजारी ठेवली तर मराठवाड्यातल्या मुलाला काहीही वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

वेळेचंही आधीच पाहा. रविवारी ख्रिस्ती मुलं उपासनेला जातात, शुक्रवारी दुपारी मुस्लिम मुलांची नमाज असते, आठवडी बाजाराच्या दिवशी वस्तीत कोणी भेटत नाही. संध्याकाळी लोक घरी असतात खरे, पण मुलींना अंधाराआधी घरी पोचायचं असतं. बहुतेक ठिकाणी शनिवारची सकाळची शाळा सुटल्यानंतरचे दीड-दोन तासच जमतात. महिन्यातून दोन शनिवार फेरीसाठी आणि दर आठवड्याला एक तासिका बैठकीसाठी, एवढं वेळापत्रकात छापून घ्या. छापलेलं नसेल तर पहिल्याच घटक चाचणीत ती तासिका गणिताला जाते.

पहिली पायरी: गट निवडणं (जून)

आठवी आणि नववीतली मिळून वीस-पंचवीस मुलं पुरेत. दहावीला हात लावू नका. पालकही सोडणार नाहीत आणि त्यांचं बरोबरच असतं. कनिष्ठ महाविद्यालय जोडलेलं असेल तर अकरावीची दोन-तीन मुलं मदतीला घ्या. त्यांच्यासाठी राष्ट्रीय सेवा योजना चालू असेल तर तिच्याशी सांगड घाला.

वर्गाचे मॉनिटर आणि पहिल्या पाचातली मुलं आपोआप गटात येतात, हे थांबवायला हवं. त्यांना पुढे राहायची सवय आहेच. त्याऐवजी सगळ्या वर्गांना एक प्रश्न द्या आणि उत्तर कागदावर अर्ध्या पानात लिहून मागा: 'तुमच्या गल्लीत किंवा गावात कोणती गोष्ट रोज खटकते आणि ती कोणाला जास्त त्रास देते?' शुद्धलेखन तपासायचं नाही. ज्यानं नीट पाहिलंय ते मूल लगेच ओळखू येतं. 'प्रदूषण ही एक जागतिक समस्या आहे' असं लिहिणारं मूल हुशार असेल, पण 'आमच्या हापशाजवळ चिखल असतो म्हणून आजी पडली' लिहिणारं मूल गटात हवं.

मुली निम्म्या हव्यात. वसतिगृहातली मुलं, खेड्यावरून एसटीनं येणारी आणि शहरातली, सगळ्या जातीधर्मांची सरमिसळ असू द्या. मराठवाड्यातल्या गावात कोणाच्या घरी कोण पाणी पितं हे मुलांना आपल्याहून चांगलं माहीत असतं. तेव्हा चहापाणी एकत्र होईल आणि डबे एकत्र उघडले जातील, हा नियम पहिल्याच दिवशी घाला. वर्षभराच्या सेवेत मुलं जे शिकतील त्यातलं बरंचसं त्या डब्यांभोवती शिकतील.

दुसरी पायरी: पाहणं (जुलै, ऑगस्ट)

बेल्जियममधले कॅथलिक धर्मगुरू जोसेफ कार्डिन यांनी गिरणीत आणि कारखान्यात राबणाऱ्या तरुण मुलामुलींसाठी १९२५ च्या सुमारास जी चळवळ उभी केली, तिची पद्धत तीन शब्दांत मावते: पाहा, पारखा, करा. १९६१ मध्ये पोप तेविसावे जॉन यांनी तिला अधिकृत दुजोरा दिला. यंग ख्रिश्चन स्टुडंट्सचे गट आजही याच पद्धतीनं चालतात. प्रोटेस्टंट शाळेनं ती वापरायला काहीच हरकत नाही. आपल्याकडे अडचण अशी की आपण 'करा' पासून सुरुवात करतो.

वस्ती शाळेपासून चालत जाण्याइतकी, दोन-तीन किलोमीटरच्या आत असावी. वाहन लागलं की खर्च येतो, खर्च आला की फेऱ्या कमी होतात. वर्षभर एकच वस्ती. दहा गावांना एकेकदा गेलेल्या मुलाला कोणाचं नावही आठवत नाही.

पहिल्या दोन फेऱ्यांत काहीही वाटायचं नाही आणि कसलंही आश्वासन द्यायचं नाही. मुलांनी जोडीनं जायचं. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं ऐकायचं आणि बाहेर आल्यावर लिहायचं. समोर बसून भराभरा वहीत लिहिलं की लोक सर्वेवाले समजतात आणि पत्र्याचं घरकुल कधी मंजूर होणार ते विचारू लागतात. सुरुवात अशी करू द्या: 'मावशी, आम्ही अमुक शाळेतली मुलं. आम्हाला ही वस्ती समजून घ्यायचीय. वेळ असेल तर बसू का?' वेळ नसेल तर निघून यायचं. हेही शिक्षणच.

विचारायचं काय ते मुलांनी आधी तासिकेत ठरवावं. शिक्षकानं भर घालायची ती एवढीच, की वर्षातला सर्वांत अवघड महिना कोणता, पूर्वी कोणी मदतीला आलं होतं का आणि त्याचं पुढे काय झालं, आणि इथे चांगलं काय चालतं, हे तीन प्रश्न यादीत असावेत. तिसरा मुलांना सुचत नाही. पण वस्तीकडे नुसती अडचणींची गाठोडी म्हणून पाहायची सवय तिथेच मोडते.

आशाताई, अंगणवाडीताई, जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी आणि ग्रामसेवक यांना मुलांनी स्वतः भेटावं. वेळ मागण्याचं पत्र मुलांनी लिहायचं, सहीला मुख्याध्यापकांकडे न्यायचं आणि स्वतः पोचवायचं. १५ ऑगस्टला ग्रामसभा असते. परवानगी काढून चार-पाच मुलांना मागे बसून ऐकू द्या. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात जी ग्रामसभा असते तिच्यात कोणी मध्येच उठून जात नाही.

तिसरी पायरी: पारखणं (सप्टेंबर)

आता मुलांसमोर पंधरावीस विषयांची यादी असते. फळ्यावर लिहा आणि प्रत्येकाला चार चाळण्या लावा. वस्तीतल्या लोकांनी हे स्वतः मागितलंय का? आपण मार्चपर्यंत पुरे पडू का? फरक पडला की नाही हे मोजता किंवा दाखवता येईल का? यात कोणाच्या जिवाला, अब्रूला किंवा अभ्यासाला धोका तर नाही ना? मतदान शेवटी, आधी चर्चा; आणि चर्चेत शिक्षकानं आपलं मत सांगायचं नाही. सरांना काय आवडतं याचा वास मुलांना दोन वाक्यांत लागतो आणि मग मतदान नावापुरतं उरतं.

मराठवाड्यात जे विषय वारंवार पुढे येतात त्यांतल्या दोनांबद्दल सविस्तर लिहितो, कारण त्यांत मुलांना करण्यासारखं खूप आहे.

पाणी हा पहिला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. आजच्या नववीतल्या मुलांना ते आठवणं शक्य नाही, पण घरातल्या मोठ्यांना विचारलं तर त्या उन्हाळ्याच्या गोष्टी निघतात. त्या गोष्टी गोळा करणं ही चांगली सुरुवात आहे. नंतर आकडेमोड. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. शाळेचं छत ३०० चौरस मीटर आणि वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर धरला तर २ लाख १० हजार लिटर. वाया जाणारं वजा करून ८० टक्के धरलं तरी १ लाख ६८ हजार लिटर. ४०० मुलांना रोज पिण्यापुरतं दोन लिटर लागतं म्हटलं तर हे पाणी २१० दिवसांचं झालं. एवढं साठवायला टाकी नसते हे मुलांच्याच लक्षात येतं, मग छताचं पाणी शोषखड्ड्यातून बोअरजवळ मुरवण्याचा विषय निघतो, गवंडीकाकांना बोलवावं लागतं, अंदाजपत्रक लागतं. नववी-दहावीच्या जलसुरक्षा विषयाशीही हे थेट जोडता येतं.

वस्तीत हेच काम गळक्या नळांपासून सुरू करता येईल. नळाखाली भांडं ठेवायचं आणि दहा मिनिटांत किती भरलं ते मापायचं. एक लिटर भरलं तर दिवसाला १४४ लिटर वाहून जातात. असे दहा नळ सापडले की मुलांकडे ग्रामपंचायतीला द्यायला आकडा असतो. आकडा घेऊन गेलेल्या चौदा वर्षांच्या मुलीशी सरपंच वेगळ्या तऱ्हेनं बोलतात. विहिरीची पाणीपातळी दर महिन्याला मोजून आलेख काढणंही छान आहे. मात्र कठडा असलेलीच विहीर निवडायची आणि दोर मोठ्या माणसानं सोडायचा, मुलांनी मागे उभं राहून नोंद करायची. यात सवलत नाही.

दुसरा विषय ऊसतोडीचा. बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात आणि शेजारच्या तालुक्यांत दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात आणि उन्हाळ्यात परततात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो, आणि मुलं एकतर फडावर जातात किंवा आजीआजोबांपाशी राहतात. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सरकारी सोय आहे. पण ती वेळेवर सुरू व्हायची तर कोणती मुलं मागे राहणार याची यादी आधी तयार असावी लागते. हे काम जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी करतातच. आपल्या गटानं सप्टेंबरमध्ये घरोघरी विचारून त्यांना हातभार लावायचा आणि नोव्हेंबरपासून वस्तीवर शनिवारची अभ्यासिका चालवायची. नववीतल्या एका मुलाकडे तिसरी-चौथीतली तीन मुलं. तीच तीन, शेवटपर्यंत. आपण गैरहजर राहिलो की तिघं वाट पाहतात, ही जाणीव कोणत्याही शिबिरातल्या व्याख्यानानं येत नाही.

इथे एक खबरदारी. आपल्याच वसतिगृहातल्या काही मुलांचे आईवडील कोयत्यावर असतात. या विषयातली खरी माहिती त्यांच्याकडे आहे, पण सगळ्यांसमोर 'तू सांग ना, तुझ्या घरी असंच असतं' असं म्हणणं म्हणजे त्यांना चव्हाट्यावर आणणं. आधी एकट्याला विचारा. तो पुढे आला तर गटाचा म्होरक्या तोच होईल. नाही आला तर विषय तिथेच सोडा.

झाडं लावण्याबद्दल थोडक्यात: जुलैत शंभर लावून एप्रिलला चार उरण्यापेक्षा, एप्रिलमध्ये जेवढ्यांना पाणी घालता येईल तेवढीच लावा. कडुनिंब, करंज, चिंच टिकतात. आणि म्हाताऱ्या माणसांचे निराधार योजनेचे किंवा बँकेचे फॉर्म भरून देण्याचा उत्साह मुलांना येतो, तो आवरा. आधार क्रमांक, ओटीपी, पासबुक या गोष्टींना मुलांनी हात लावायचा नाही. कोणती कागदपत्रं लागतात आणि कुठल्या कार्यालयात जायचं हे मोठ्या अक्षरात लिहून देणं, एवढंच मुलांचं काम.

चौथी पायरी: परवानग्या आणि सुरक्षितता

पालकांचं संमतिपत्र मराठीत, एका पानाचं, आणि त्यात फेरीची जागा, वेळ, सोबतचे शिक्षक व धार्मिक प्रचार नाही हे वाक्य. प्रत्येक फेरीला दोन मोठी माणसं, त्यांत एक बाई. कोणतंही मूल कोणाच्या घरात एकटं जाणार नाही, कोणताही मोठा माणूस कोणत्याही मुलासोबत एकटा थांबणार नाही. मार्चपासून ऊन तापतं, तेव्हा शाळा सुटल्यानंतर न जाता सकाळीच जायचं आणि दहाच्या आत परत. पाण्याची बाटली, टोपी किंवा उपरणं, आणि जलसंजीवनीची पाकिटं पिशवीत. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा छोटे सपाट चमचे साखर आणि तसाच अर्धा छोटा चमचा मीठ, हे प्रत्येक मुलाला पाठ हवं.

वस्तीतल्या मुलांचे चेहरे दिसणारे फोटो व्हॉट्सॲपवर जाणार नाहीत. हा नियम मुलांपेक्षा शिक्षकांनाच जास्त जड जातो.

अभ्यासिकेत बोलता बोलता एखादं लहान मूल आपल्यावर होणाऱ्या अत्याचाराबद्दल सांगून बसतं. अशा वेळी काय करायचं ते गटाला आधीच सांगून ठेवा: खोदून विचारायचं नाही, कोणाला सांगणार नाही असं वचन द्यायचं नाही, त्याच दिवशी जबाबदार शिक्षकाला सांगायचं. पुढचं काम मोठ्यांचं. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) लैंगिक अत्याचाराची गोष्ट कळलेल्या व्यक्तीनं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शाळेची बदनामी होईल म्हणून ती दाबता येत नाही. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८.

पाचवी पायरी: कामं आणि पैसा

अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव अशी पदं वाटली की अध्यक्ष भाषण करतो आणि सचिव सगळं काम. त्यापेक्षा कामं वाटा: बैठक चालवणं, इतिवृत्त लिहिणं, खर्चाची वही, वस्तीशी निरोपानिरोपी, सामानाची पेटी, वेळ पाळणं. प्रत्येक काम दोघांकडे, एक नववीतला, एक आठवीतला. दर दोन महिन्यांनी जोड्या बदला. खर्चाची वही मात्र सहा महिने एकाच जोडीकडे ठेवा, नाहीतर हिशेब कोणालाच लागत नाही.

बैठक चाळीस मिनिटांची. पहिली पाच मिनिटं मागच्या वेळी कोणी काय पत्करलं होतं आणि ते झालं का. मधली पंचवीस मिनिटं एकच मोठा विषय. शेवटची दहा मिनिटं पुढच्या वेळची कामं, नाव आणि तारखेसह. बैठक चालवणाऱ्यानं एक नियम पाळायचा: जो अजून बोललेला नाही त्याला दुसऱ्यांदा बोलणाऱ्याच्या आधी संधी. बहुतेक गटांत दोन-तीन मुलगे सगळी हवा घेतात आणि मुली इतिवृत्त लिहितात. पहिल्या महिन्यात हे मोडलं नाही तर वर्षभर मोडत नाही.

पैसा मुलांकडे द्या. तीन ते पाच हजारांची रक्कम वर्षाला पुष्कळ झाली. ती सुगीच्या सणाच्या अर्पणातून चर्चच्या मंडळीनं द्यावी, माजी विद्यार्थ्यांनी द्यावी किंवा शाळेच्या कार्यक्रम निधीतून यावी. 'प्रत्येकानं पन्नास रुपये आणा' असं करू नका; ज्याच्या घरी पन्नास नाहीत तो उद्यापासून गटात येणार नाही. रोकड शाळेच्या कपाटात, वही मुलांकडे, खर्चाला दोन मुलांच्या आणि एका शिक्षकाच्या सह्या, प्रत्येक पावती चिकटवलेली. महिनाअखेर हिशेब परिपाठात वाचून दाखवायचा. बारा रुपयांचा फरक निघाला तर तो सापडेपर्यंत बसायचं. शिक्षकानं खिशातून बारा रुपये टाकून विषय मिटवू नये.

सहावी पायरी: शिक्षकानं गप्प बसणं

जूनमध्येच दोन याद्या करून भिंतीवर लावा. एका यादीत मोठ्यांचे निर्णय: सुरक्षितता, कायदा, शाळेची वेळ, मुलांचं आरोग्य. दुसऱ्या यादीत बाकी सगळं, आणि ते मुलांचं. एखादा निर्णय कुठे बसतो यावर वाद झाला तर तो बैठकीत सोडवायचा.

समजा, अभ्यासिकेसाठी खडू-पाट्या आणायचं काम दोघांनी घेतलं आणि शनिवारी ते विसरले. पन्नास पावलांवर स्टेशनरीचं दुकान आहे, शिक्षकाच्या हातात गाडीची किल्ली आहे. तरी जायचं नाही. त्या दिवशी मुलं मातीत काडीनं अक्षरं काढून शिकवतील, किंवा गोष्टी सांगतील, किंवा वेळ वाया जाईल. पुढच्या बैठकीत कोणी काय पत्करलं होतं ते वाचलं जाईल तेव्हा काय बोलायचं ते त्यांनाच कळेल. धोका असेल तिथे तत्काळ मध्ये पडा. फजिती होणार असेल तिथे पडू नका. माझ्या पाहण्यात शिक्षकांना हा फरक समजतो, पण प्राचार्य फेरीला आले असतील किंवा पाहुणे येणार असतील त्या दिवशी पाळवत नाही. म्हणून निदान पहिल्या सत्रात पाहुणे बोलावूच नका.

अपयश वस्तीला भोगावं लागेल असं मात्र होऊ देऊ नये. मुलांची अभ्यासिका दोन शनिवार बुडणार असेल तर वस्तीला आधी कळलं पाहिजे, आणि ते कळवायला मुलांनीच जायचं, तोंडासमोर.

सातवी पायरी: मनन

प्रत्येक फेरीनंतर शाळेत परत येऊन, घरी जाण्याआधी, वीस मिनिटं. पुढच्या आठवड्यावर ढकललं की मुलं 'छान वाटलं' एवढंच लिहितात. आधी पाच मिनिटं शांत, मग वही, मग बोलणं. प्रश्न साधे ठेवा. आज मला कशाचा राग आला? कोणाकडून मी काही शिकलो? माझ्यामुळे कोणाची गैरसोय झाली का? आपण करतोय त्याची गरजच पडू नये यासाठी कोणी काय बदलायला हवं?

शेवटच्या प्रश्नावर बरेच शिक्षक अडखळतात, कारण उत्तरं ग्रामपंचायतीकडे, कारखान्याकडे, कधी शाळेच्या फीकडेही बोट दाखवतात. दाखवू द्या. लूकच्या शुभवर्तमानातल्या दहाव्या अध्यायातला शोमरोनी माणूस वाटेत चोरांनी मारून टाकून दिलेल्या जखमीला उतारशाळेत नेतो, मालकाला दोन दिनार देतो आणि परत येताना उरलेला खर्च देईन असं सांगून जातो. त्यात खर्च आहे, पाठपुरावाही आहे. पण त्या वाटेवर चोर का फिरतात हा प्रश्न नववीतला मुलगा विचारतोच. त्याला गप्प केलं तर आपण वाटप करणारे हात तयार करू, पुढारी नाही.

ख्रिस्ती मुलांना शेवटी प्रार्थना करायची असेल तर ती शाळेत, ज्यांना हवं त्यांनी, वेगळी. बाकीच्यांनी तेवढा वेळ थांबायचं की घरी जायचं हे त्यांनी ठरवावं. ईस्टरआधीच्या उपवासकाळात बऱ्याच शाळा त्यागाची पेटी ठेवतात. त्या पैशाचं काय करायचं हेही या गटाला विचारा.

आठवी पायरी: वाढ ओळखणं आणि सूत्रं देणं (फेब्रुवारी ते एप्रिल)

तास मोजून ढाली देऊ नका. ज्याच्या घरी शेतीचं काम आहे, जिला धाकट्या भावाला सांभाळायचं असतं, त्यांचे तास कमीच भरणार. प्रगतिपुस्तकात गुण देण्याचाही मोह टाळा. जे पाहायचं ते वेगळं आहे. जूनमध्ये तोंड न उघडणारी मुलगी बैठक चालवते का? आपलं काम राहिलं हे कोणी न विचारता कोणी कबूल करतं का? मतभेद झाल्यावर दोघं पुन्हा एकत्र फेरीला जातात का? वस्तीवरच्या आजी सरांची चौकशी करतात की मुलांची नावं घेऊन विचारतात? वर्गशिक्षकानं या गोष्टी दोन-दोन ओळींत टिपून ठेवाव्यात आणि पालकसभेत त्या त्या पालकांना एकट्यात सांगाव्यात. आपल्या मुलाबद्दल गुणांखेरीज काही ऐकायची सवय नसलेले वडील अशा वेळी खुर्ची पुढे ओढून बसतात.

वस्तीकडूनही मत घ्या. मार्चमध्ये मुलांनी दहा-बारा घरी जाऊन विचारायचं: काय उपयोगी पडलं, काय नाही, पुढच्या वर्षी यावं का? 'येऊ नका' असं उत्तर आलं तर ते इतिवृत्तात जसंच्या तसं जातं.

सूत्रं देण्याचं काम परीक्षांच्या आधी उरकावं. नववीतली मुलं पुढच्या वर्षी दहावीत जाणार, म्हणून आठवीतली जोडीदार मुलं आता मुख्य. फेब्रुवारीच्या दोन फेऱ्या आठवीतल्यांनी चालवायच्या आणि नववीतल्यांनी मागे चालायचं, अगदी शिक्षकासारखं गप्प राहून. पुढच्या गटाला द्यायच्या वहीत वस्तीचा हातानं काढलेला नकाशा, भेटलेल्या माणसांची नावं आणि कोणाशी कधी बोलावं, वर्षाचा हिशेब, फसलेले बेत व त्यांची कारणं, आणि अर्धवट राहिलेली कामं एवढं असावं. ग्रामसेवकाची बदली झाली असेल, टोळ्या कधी निघाल्या, कोणत्या नळाची गळती थांबली, हे सगळं त्यात हवं. वही मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात ठेवू नका. ती गटाच्या पेटीत राहू द्या आणि पेटीची किल्ली आठवीतल्या दोघांकडे.